लिंबू, पायरी, चमचा

लिंबू, पायरी, चमचा. हे तीन शब्द मला झोपेतून उठवून विचारलेत तरी घडाघडा सांगेन. आणि सगळी गोम तिथंच होती, पण ती माझ्या टाळक्यात शिरायला फार उशीर झाला.

माझा नवरा मेंदूचा डॉक्टर. दवाखाना म्हणजे एकच लांबट खोली, मधोमध प्लायवूडची भिंत घातलेली. अलीकडे बाकं, पाण्याचं पिंप आणि काउंटरवर मी. पलीकडे डॉक्टर. हो, मीही त्यांना डॉक्टरच म्हणते. दिवसभर लोकांपुढे तेच म्हणून म्हणून घरातही तीच सवय लागली. प्लायवूड माणूस लपवतं, आवाज नाही. त्यामुळे आत काय चाललंय ते मला अक्षरन् अक्षर ऐकू यायचं.

लोक आपापली म्हातारी माणसं घेऊन यायचे. कुणाची आई गॅस चालू ठेवून देवळात निघून जाते, कुणाचे वडील कोपऱ्यावरून दूध आणायला जातात आणि पोलीस त्यांना परत आणतात. डॉक्टर आधी आजचा वार विचारायचे, मग आपण कितव्या मजल्यावर आहोत ते. मग म्हणायचे, "आता मी तीन शब्द सांगतो. लक्षात ठेवा, नंतर विचारणार आहे. लिंबू, पायरी, चमचा." मग शंभरातून सात वजा करत जायचं. मग कागदावर घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. आणि मग सावकाश, "मघाशी मी तीन शब्द सांगितले होते..."

मी इकडे पेन हातात धरून बसलेली असायची, जणू माझाच निकाल लागायचाय. कुणी "लिंबू" म्हणून अडकायचं. कुणी रडकुंडीला यायचं. एक आजोबा तर उखडले होते, "चमचा तुमच्या घरी ठेवा डॉक्टर, आधी औषध द्या!" बाहेर बाकावरची सगळी माणसं हसली होती, त्यांचा मुलगासुद्धा. आमच्या घरात त्या शब्दांची थट्टाच झाली. मुलगी डबा विसरून निघाली की मी दारातून ओरडायची, "लिंबू, पायरी, चमचा!" की ती जिन्यावरून परत.

डॉक्टरांचा एक नियम होता. रोग ज्याचा, बातमी त्याची. नातेवाईक पेशंटच्या पाठीमागून खाणाखुणा करायचे, ओठांवर बोट ठेवायचे, सांगू नका म्हणून. डॉक्टर त्यांना सरळ बाहेर बाकावर पिटाळायचे. मग टेबलाला वळसा घालून यायचे, स्टूल ओढायचे, पेशंटच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे आणि रोगाचं नाव त्याच्या तोंडावर सांगायचे. बाहेर बसलेल्या नातेवाइकांचे चेहरे मी बघायची. मनात म्हणायची, भित्रे मेले.

एकदा एक निवृत्त गृहस्थ एकटेच आले. त्यांच्या मुलांनी दुसऱ्याच कुठल्या डॉक्टरला पटवून त्यांना "अशक्तपणा आहे" एवढंच सांगितलं होतं. ते आत म्हणाले, "डॉक्टर, मला वेड लागतंय का हो? मी खोलीत शिरलो की घरातले सगळे गप्प होतात." त्या संध्याकाळी शटर ओढताना डॉक्टर अर्ध्यावरच थांबले.

"माझ्यावर ही वेळ आली तर मला तोंडावर सांगायचं. मला खोटं सांगायचं नाही. शब्द दे."

"आधी ते शटर ओढा, कुणाच्या तरी डोक्यात पडेल."

"शब्द दे."

"दिला बाई दिला," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातून किल्ली घेतली. शब्द देताना मी हसत होते. मला काय ठाऊक?

सुरुवात कधी झाली ते कुणालाच सांगता येत नाही, हे वाक्यही मी प्लायवूडमधूनच शिकलेय. तोच किस्सा ते जेवताना दोनदा सांगायला लागले. पुरुष सांगतातच. मी पेशंटचं नाव पुकारायची, पेशंट आत जायचा, आणि डॉक्टर प्लायवूडच्या दारातून डोकं बाहेर काढून मला विचारायचे, "कोण आलंय?" मी हळूच नाव सांगायची. मग नावाबरोबर मी आजारही सांगायला लागले. एकदा ते रिक्षाने घरी आले आणि गाडी कुठं ठेवली ते आठवेना. मी जाऊन शोधून आणली, आणि आम्ही दोघंही तो विषय टाळून चहा प्यायलो.

मग एके दुपारी खालच्या केमिस्टने मला खाली बोलावलं. बरण्यांच्या मागे नेलं आणि चोरासारखा इकडेतिकडे बघत म्हणाला, "वहिनी, रागावू नका. सर हल्ली कधी कधी एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी लिहितात. मी एकच देतो. आणि परवा त्या थरथरणाऱ्या काकू आल्या होत्या ना, त्यांना जी गोळी चालतच नाही तीच लिहिली होती. मी सरांना न विचारता जुनीच दिली."

"कधीपासून चाललंय हे?"

"बरेच महिने झाले."

"आणि तू आत्ता बोलतोयस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. माझ्या आईचं सगळं सरांनी केलंय. मी बसलोय ना खाली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि तू सुट्टीवर असशील तेव्हा? दुसऱ्या दुकानात कुणी चिठ्ठी नेली तर? त्या काकू मेल्या असत्या रे!"

तो मान खाली घालून उभा राहिला. आणि मग मला माझाच राग आला. तो खाली गोळ्या बदलत होता, मी वर नावं पुरवत होते. आम्ही दोघांनी मिळून डॉक्टरांची आठवण चालवायला घेतली होती, आणि पेशंट बिचारे समजत होते की डॉक्टर तपासतायत.

घरी मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "तुम्ही विसरायला लागलाय. तपासून घ्यायचं."

"मला तपासणार? मला?" ते इतके मोठ्याने ओरडले की शेजारच्यांनी खिडकी उघडली. "उभा जन्म मी हेच तपासतोय आणि मला कळणार नाही?"

"नाही कळणार. तुम्हीच सांगता, ज्याला होतं त्याला कळत नाही म्हणून. मला भीती वाटतेय हो. माझ्यासाठी चला."

भीती वाटतेय, असं मी त्यांना लग्नापासून कधी म्हटलं नव्हतं. ते चालायला तयार झाले.

आम्ही धाकट्याकडे गेलो. धाकटा म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेला डॉक्टर. पेशंट तेव्हा यांना थोरले आणि त्याला धाकटे म्हणायचे. आता त्याचेच केस पिकलेत आणि मोठ्या हॉस्पिटलात तो विभागाचा प्रमुख आहे. सरांना पेशंटच्या खुर्चीत बसलेलं बघून तो कानापर्यंत लाल झाला.

"सर, मी तुम्हाला काय विचारणार?"

"विचार. नियम म्हणजे नियम. आणि हळू विचार, पेशंट म्हातारा आहे."

मी भिंतीकडच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून. वार, महिना, मजला, सगळं बरोबर. शंभरातून सात म्हटल्याबरोबर डॉक्टरांनी पाढा म्हणावा तसं म्हटलं, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट." घड्याळ काढलं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. "मघाचे तीन शब्द, सर?" "लिंबू, पायरी, चमचा. पुढं?" पैकीच्या पैकी मार्क. रक्ताचे रिपोर्ट आले, त्यात एक जीवनसत्त्व कमी निघालं. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "काकू, सर ठणठणीत आहेत. थकवा आहे, इंजेक्शनं घेऊ. स्कॅन वगैरे कशाला उगीच?"

मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. बाहेर आल्याबरोबर मुलीला फोन केला, ती दुसऱ्या शहरात असते, ती फोनवर रडली. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले. केमिस्टलाही ऐकवलं, "बघ, उगाच घाबरवलंस." तो बरण्या पुसत राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी स्वयंपाकघरात गेले आणि कशाला आले होते तेच आठवेना. ओट्यापाशी उभी राहिले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लिंबू, पायरी, चमचा." आणि हातातलं फडकं हातातच राहिलं.

मी का आले होते ते गेलं होतं. पण ते तीन शब्द जिभेवर हजर होते. ते आठवावे लागलेच नव्हते. अगं बाई! मी नुसती भिंतीपलीकडून ऐकलेले, तर माझी ही गत. मग ज्याने रोज विचारले त्याला काय कष्ट पडणार होते?

धाकट्याला फोन लावला. "अरे शहाण्या, तू सरांना त्यांचीच प्रश्नपत्रिका दिलीस!"

तिकडून त्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काकू, मीही तेच शब्द वापरतो. सरांकडूनच शिकलो ना. माझ्या हाताखालचे सगळे तेच वापरतात. दुसरे शब्द असतात हेच डोक्यात आलं नाही."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टर कुरकुरले, पण आले. धाकटा या वेळी लाल झाला नव्हता, पांढरा पडला होता. म्हणाला, "सर, मी तीन शब्द सांगतो. बदक, उशी, खिडकी. म्हणून दाखवा." डॉक्टरांनी म्हणून दाखवले. "आता नव्वदमधून चार वजा करत चला."

"शहाऐंशी," डॉक्टर म्हणाले. जरा थांबले. मग एकदम गाडी रुळावर आल्यासारखे, "एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट."

धाकट्याने मान वर केली नाही. घड्याळ काढायला सांगितलं, चारला वीस कमी. डॉक्टरांनी सुबक गोल काढला आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावले. मी पर्सचा बंद पिळत बसले होते. देवा, निदान एक तरी, मनात म्हणत होते, बदक तरी आठवू दे, एवढं सोपं आहे.

"मघाचे तीन शब्द, सर?"

डॉक्टर ताठ बसले. माझ्याकडे बघून हसले, पहिल्या नंबरचं पोर आईकडे बघतं तसे. "लिंबू, पायरी, चमचा."

धाकट्याचं पेन थांबलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काय झालं? बरोबर आहे ना?"

मग सगळं रीतसर झालं. स्कॅन झाला. एका बाईंनी अख्खी सकाळ बसून मोठी तपासणी केली, चित्रं, गोष्टी, ठोकळे. मला वेगळ्या खोलीत नेऊन विचारलं, घरात काय काय होतं, आणि या वेळी मी काही झाकलं नाही. गाडी सांगितली, नावं पुरवणं सांगितलं, केमिस्टचं सांगितलं. सांगताना लाज वाटली, चहाडी केल्यासारखी.

निकाल ऐकायला जायच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला. "आई, बाबांना सांगू नका. खचतील ते. विश्रांती घ्या म्हणावं, दवाखाना दुरुस्तीला काढलाय म्हणावं. कशाला तोंडावर?"

"शब्द दिलाय मी."

"शब्द काय करायचाय आई? माणूस महत्त्वाचा की शब्द?"

मी तिला झापलं आणि फोन ठेवला. पण खरं सांगू? माझाही जीव तेच म्हणत होता. त्या बाकावर ओठांवर बोट ठेवून बसलेल्या सगळ्यांना मी भित्रे म्हणत आले होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आता माझंच बोट ओठांकडे निघालं होतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांना आत बसवून धाकटा बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि माझ्याशी कुजबुजायला लागला. "काकू, जे वाटलं होतं तेच आहे. अल्झायमर. सुरुवातीची पायरी आहे, पण आहे. सरांना एकदम नको सांगायला. आपण हळूहळू पेशंट कमी करू, काहीतरी कारण..."

माझं डोकं फिरलं. कुणावर फिरलं देव जाणे, त्याच्यावर की माझ्यावर. "मला कशाला सांगतोयस इथं उभं राहून? रोग कुणाचा?"

"सरांचा."

"मग बातमी कुणाची? कुणी शिकवलं होतं तुला?"

त्याचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, आणि शाळेतल्या पोरासारखा उभा. मी आवाज उतरवला. "जा राजा. नीट सांग. मी इथं बाकावर बसते."

तेवढ्यात आतून हाक आली. "तिला आतच बोलाव रे! बाकावर बसूनही ती सगळं ऐकतेच."

मी आत गेले. धाकट्याने टेबलाला वळसा घातला, स्टूल ओढलं आणि सरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. "सर, तुम्हाला डिमेन्शिया आहे. अल्झायमरचा. सुरुवातीचा. मागच्या वेळी मी चुकलो. मी तुमची तपासणी केलीच नाही, तुमचा मान राखला."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "स्कॅन दाखव."

पडद्यावरच्या चित्राजवळ ते चष्मा वर करून वाकले. खूप वेळ बघितलं. एका जागी बोट ठेवलं. "इथं आक्रसलंय. दोन्ही बाजूंना. खरंय तुझं." मग बोट तसंच ठेवून म्हणाले, "पेशंट काम काय करतो?"

धाकटा टेबलावरचे कागद सारखे करायला लागला.

"डॉक्टर आहे," डॉक्टरांनीच उत्तर दिलं. "मग आधी त्याच्या हातातलं पेन काढून घ्या." आणि खिशातलं पेन काढून त्यांनी धाकट्याच्या हातात दिलं. मग माझ्याकडे वळले. "माझ्या हातून कुणाचं काही वाईट झालं का? खरं सांग."

शब्द दिला होता. मी सांगितलं. दोनदा लिहिलेल्या गोळ्या सांगितल्या, थरथरणाऱ्या काकू सांगितल्या, केमिस्टने कसं वाचवलं तेही सांगितलं. "कुणाला काही झालं नाही," म्हटलं. "थोडक्यात निभावलं."

"थोडक्यात," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. आजारासाठी नाही रडले, त्या काकूंसाठी रडले. मी माझ्या नवऱ्याला त्या दिवसाइतकं कधीच मानलं नव्हतं, आणि त्या दिवसाइतकं कधी पोटात तुटलंही नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

मग नाक पुसून त्यांनी स्वतःचाच इलाज सांगायला घेतला. "ती आठवणीची गोळी सुरू कर, लहान डोसपासून. बरा होणार नाही, थोडा वेळ मिळाला तर मिळेल, हे हिलाही नीट समजावून सांग, नाहीतर गोळीवर आशा लावून बसेल. कान तपास, मला कमी ऐकू येतंय. गाडीची किल्ली हिच्याकडे. रोज चालायचं, रोज ठरल्या वेळी उठायचं. आणि हिच्याकडे कुणीतरी बघा. नातेवाइकांची नाडी कुणी बघत नाही."

त्याच आठवड्यात दवाखाना बंद झाला. पेशंट धाकट्याकडे गेले. केमिस्टने येऊन पाटी उतरवली आणि जिन्यात उभा राहून रडला.

मला वाटलं, सांगून झालं, सुटले. सुटते कसली! दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून दारात उभे. "दवाखान्याची किल्ली कुठाय?"

मी सांगितलं. समोर बसून, तोंडावर. त्यांचा चेहरा पुन्हा तसाच पडला, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. पहिल्यांदाच ऐकत होते ना ते. "कुणी सांगितलं?" "धाकट्याने." "नीट सांगितलं?" "गुडघ्याला गुडघा लावून." "मग बरोबर असेल," म्हणाले, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

पुढच्या सकाळी तेच. त्याच्या पुढच्या सकाळीही. इस्त्रीचा शर्ट, किल्ली, मी, तो पडणारा चेहरा, त्या नाड्या. अंघोळीच्या पाण्याचा आवाज थांबला की मी हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहायची. शेवटी मी धाकट्याकडे जाऊन भांडले. "तुमचा नियम घाला चुलीत! एकाच माणसाला रोज सकाळी नव्याने मारू का मी?"

त्याने मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "काकू, बातमी एकदा सांगायची असते. तुम्ही ती सांगितलीत. रोज सांगितली तर ती शिक्षा होते. सर किल्ली मागतात तेव्हा त्यांना आजाराचं नाव नको असतं, काम हवं असतं."

"म्हणजे खोटं बोलू? शब्द दिलाय रे मी."

"खोटं नका बोलू. दुसरं काहीतरी करून बघा."

"दुसरं काय, डोंबल?"

"ते मलाही माहीत नाही," तो म्हणाला. खरं बोलला म्हणून मला त्याचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बूट घालून आले. "आज किती पेशंट आहेत?"

"एक आहे," मी म्हटलं. जेवणाच्या टेबलाशी त्यांना खुर्ची दिली, शेजारी दुसरी ओढली आणि बसले. "काय नाटक आहे गं हे?" ते हसले. पण माझं मनगट त्यांनी हातात घेतलं होतं. "बोल, काय होतंय?"

"झोप लागत नाही."

"कधीपासून?"

मी सांगत गेले, ते विचारत गेले. खांदा दुखतो, जिना चढताना दम लागतो, कधी कधी उगाच रडू येतं. त्या खुर्चीत मी एक अक्षरही खोटं बोलले नाही. उठताना ते म्हणाले, "पाणी जास्त पी, आणि जरा चिडणं कमी कर." मग स्वतःची गोळी घेतली, बूट काढले आणि शांतपणे पेपर घेऊन बसले. चेहरा पडला नाही.

तेव्हापासून आमचा दवाखाना रोज भरतो. पेशंट एकच. मुलगी आली होती तेव्हा तीही रांगेत बसली. तिला पित्ताचं पथ्य सांगितलं. गोळीने थोडा वेळ मिळाला, धाकट्याने सांगितला होता तेवढाच. मग तोही सरला. आधी पेपर वाचणं गेलं, मग शर्टाची बटणं गेली. नाडी बघणं तेवढं राहिलंय.

आज सकाळी मी नेहमीसारखी खुर्ची ओढली. डॉक्टर माझ्याकडे बघून आदराने जरा उठल्यासारखे झाले. "बसा बाई, बसा."

मला आजवर ते कधी बसा म्हणाले नव्हते. मी बसले.

त्यांनी मनगट धरलं. बोटं बरोबर जागेवर पडली. "मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. लिंबू, पायरी..." ते थांबले. ओठ हलत राहिले. मी पुरवू शकत होते, किती तरी महिने दारातून नावं पुरवलीच होती. पण मी तोंड उघडलं नाही. "दोनच पुरेत," ते म्हणाले. "घरी कोण असतं?"

"नवरा आहे."

"काय करतात?"

"डॉक्टर होते. आता बरं नसतं त्यांना. विसरतात."

"त्यांना सांगितलंय का? की सगळे आपसात कुजबुजताय?"

"सांगितलंय. तोंडावर. तसा शब्द दिला होता."

"फार चांगलं केलंत." त्यांनी माझा हात दुसऱ्या हाताने थोपटला. "सगळे नाही सांगत. पुढच्या वेळी त्यांना बरोबर घेऊन या. मी बोलतो त्यांच्याशी."

"आणते," म्हटलं. शब्द दिल्यापासून त्यांच्याशी बोललेलं माझं हे पहिलं खोटं.